रिकाम्या खिळ्यावरचं कुत्रं

माझी नात मांजराचे फोटो काढते. दिवसाला चाळीस-पन्नास. मांजर झोपलंय, मांजर जांभई देतंय, मांजर नुसतंच आहे. परवा ते खिडकीत बसलं होतं आणि काही केल्या हिच्याकडं बघेना, म्हणून हिनं मोबाइलवर कुठल्याशा दुसऱ्या मांजराचा आवाज लावला. आमच्या मांजरानं कान टवकारले. मग उडी मारून कॉटखाली, कपाटामागं, मोरीत ते दुसरं मांजर शोधत फिरलं. संध्याकाळी दुधाला तोंड लावलं नाही.

"आजी, फोटो बघ ना, किती मस्त आलाय."

मस्तच आला होता. तेच तर.

मी मोबाइल काढून घेतला आणि डब्यांच्या फळीवर ठेवला. नात फुगून बसली. मग तिला सांगितलं ते इथं लिहून ठेवते, कारण सांगताना मी थोडं चोरलं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मतदारांची फोटोवाली ओळखपत्रं पहिल्यांदाच निघाली, त्याच्या पुढचं वर्ष. मी पस्तिशी ओलांडली होती. माहेर बारामती, दहावी पास, वर टायपिंगची एक परीक्षा, एवढ्या भांडवलावर मी सांगवीच्या शिवारातल्या वस्तीवर नांदायला आले होते. पंधरा वर्षं झाली तरी आपण शहरातून आलोय हे कुणी विसरू नये, याची मी रोज काळजी घ्यायची. चहाला बशी लागायची मला. आता आठवलं की त्या बाईला एक चापट द्यावीशी वाटते.

माझा भाऊ मस्कतला ड्रायव्हर होता. सुट्टीवर येताना त्यानं मला कॅमेरा आणला. त्याच सुमारास बायकांच्या एका मासिकात 'घरचे लाडके' म्हणून पाळीव प्राण्यांच्या फोटोंची स्पर्धा निघाली. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. कुकर आमच्याकडं होता. मला हवं होतं छापलेलं नाव, आणि नावापुढं 'बारामती'. सांगवीसुद्धा नको होती मला.

मासिकात सूचना होत्या. जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवर या. मागं पसारा नको. कोवळ्या उन्हात काढा. जनावर बघत नसेल तर त्याच्या ओळखीचा आवाज काढून लक्ष वेधा. मी त्या पाठ केल्या आणि अंगणात पातळ सावरत पोटावर पडून कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीवर आले.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"पोटात कळ आलीया का गं?"

"फोटो काढतेय आत्याबाई."

"कुनाचा?"

"कोंबडीचा."

"बरं बरं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं बाळंत हुतीयास."

पहिला रोल बारामतीच्या स्टुडिओत धुवायला टाकला आणि आठ दिवसांनी ऐटीत आणायला गेले. स्टुडिओवाल्यानं एकेक फोटो काउंटरवर मांडला.

"वहिनी, हे काय काढलंय?"

"म्हैस."

"आणि हे?"

"तीच. जवळून."

"असं होय. मला वाटलं झाकण काढायचं राहिलं."

बाकी रोलात कोंबड्यांच्या शेपट्या होत्या, आणि एका करडाचं भलंमोठं नाक. ते करडू तेव्हा कॅमेऱ्याचा पट्टा खात होतं. घरात फ्लॅश मारून मांजराचा काढलेला एकच फोटो नीट आला होता, पण त्यात मांजर नव्हतं. चुलीमागच्या काळोखात दोन हिरवे दिवे लागले होते, एवढंच. आत्याबाईंनी तो पालथा घातला. "ह्यो घरात नगं," म्हणाल्या. मी हसले. शिकलेली होते ना मी.

राहिलं कुत्रं. ते माझं नव्हतं, मामंजींचं होतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आमचे हे कारखान्यात कामाला लागले, दीर ऊस बघायला लागले, आणि मामंजींच्या गुडघ्यांनी दावा मांडला तेव्हा मेंढरं विकली. कुत्रं कळपाबरोबर गेलं, दोन दिवसांनी एकटंच परत आलं आणि मामंजींच्या बाजेखाली बसलं. त्याला नाव नव्हतं. मामंजींना नावाची गरज पडली नाही. त्यांची एक हाक होती. जीभ टाळूला लावून दोन आखूड आवाज, आणि मग घशातून एक लांब, शेवटाला वर जाणारा. त्या हाकेवर चारशे मेंढरं माना वर करायची म्हणे. मेंढरं गेल्यावर ते रोज गावात पारावर जाऊन बसत आणि दिवस कलला की ओढ्याच्या पलीकडूनच ती हाक देत. हाक आली की वस्तीवर दोन गोष्टी व्हायच्या. कुत्रं धावत सुटायचं, आणि आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात यायच्या.

आदल्या वर्षी शिमग्यानंतर मामंजी गेले.

आमच्या पुढच्या खोलीत वारलेल्यांचे फोटो ओळीनं लावलेले. मामंजींसाठी ह्यांनी तेराव्याच्या आधीच खिळा ठोकला, आणि मग लक्षात आलं की फोटोच नाही. एकही नाही. लग्नातला नाही, जत्रेतला नाही. "मेंढरं तोंडानं मोजू न्हाईत आन मानसाचा फोटू काढू न्हाई, कमी व्हत्यात," असं ते म्हणायचे. ओळखपत्राच्या फोटोला सगळ्या गावाला शाळेत बोलावलं, त्या दिवशी ते पहाटेच मेंढरं चारायला निघून गेले. मेंढरं विकून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

खिळा तसाच राहिला. आत्याबाई रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खिळ्याखाली उदबत्ती लावायच्या आणि वर बघायच्या. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी त्यावर विनोद करायची. माहेरी गेले की भावजयीला सांगायची, "आमच्याकडं खिळ्याची पूजा असते." भावजय हसायची. मी आणखी रंगवून सांगायची.

तर कुत्रं. ते दिवसभर लिंबाखाली मामंजींच्या बाजेजवळ पडलेलं असायचं. काळं, छाती पांढरी, एक कान फाटका. फोटोला अगदी देखणं. पण कॅमेऱ्याकडं बघेल तर शपथ. मी समोर आले की ते माझ्या खांद्यावरून ओढ्याकडं बघायचं. मी ओढ्याच्या बाजूला गेले की बाजेकडं. मी ताट वाजवलं, शिट्टी मारली, रेडिओ लावला, भाकरीचा तुकडा नाचवला. भाकरी खाल्ली त्यानं, माझ्याकडं न बघता. अर्धा रोल संपला. मासिकाची तारीख जवळ आली.

आता माझा एक गुण सांगायला हवा. मी नकला फार चांगल्या करायची. शाळेतल्या बाई, कंडक्टर, नवरदेवाची आई, सगळे. मामंजी असतानाच मी त्यांची हाक बसवली होती आणि स्वयंपाकघरात हळूच काढून जावेला हसवायची. जाऊ पदर तोंडात कोंबायची. आवाज इतका हुबेहूब यायचा की मलाच गंमत वाटायची.

एका सकाळी ऊन कोवळं होतं, मागं पसारा नव्हता, कुत्रं मान ताठ करून बसलं होतं. सगळ्या सूचना पाळल्या गेल्या होत्या, एक सोडून. मी पोटावर पडले, डोळा काचेला लावला आणि मामंजींची हाक दिली. हळू नाही. ओढ्यापलीकडून यावी तशी, पूर्ण.

कुत्र्याचे कान उभे राहिले. फाटकासुद्धा. डोळे असे उघडले की काचेतून मला त्यांत ऊन दिसलं. मी बटण दाबलं. जन्मात इतकं बरोबर बटण मी कधी दाबलं नव्हतं.

मग ते उठलं. माझ्या अंगावरूनच गेलं म्हणा ना, त्याची कूस कॅमेऱ्याला घासली. ओढ्यापर्यंत पळत गेलं, थांबलं, वास घेतला, पलीकडं चढलं आणि नदीच्या बाजूला वळलं. मी "अरे, अरे," करत राहिले. नाव असतं तर हाक मारली असती.

माझ्या मागं भांडं वाजलं. वळून बघते तो आत्याबाई उंबऱ्यात उभ्या. हातात तांब्या.

त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. सांगायचा प्रयत्न मी पुष्कळदा केलाय. त्या ओढ्याकडं बघत होत्या आणि त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला होता, मामंजी आले की घ्यायच्या तसा. मग त्यांची नजर खाली आली. अंगणात पालथी पडलेली मी, माझ्या हातात कॅमेरा, तोंड अजून हाकेच्या आकारात.

आत्याबाई उंबऱ्यातून खाली उतरल्या. सावकाश चालत आल्या, तांब्या बाजेच्या पायाशी ठेवला, आत गेल्या.

कुत्रं रात्री आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ह्यांनी लूनावरून सांगवी पालथी घातली, नदीचा काठ बघितला, पलीकडच्या वाड्यांवर विचारलं. नदीकाठानं खाली जाताना एका काळ्या कुत्र्याला लोकांनी बघितलं होतं. ह्यांना मी सांगितलं, आपोआप गेलं. जावेला खरं कळलं होतं. ती माझ्याकडं न बघता भाकऱ्या थापायची.

आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. भांडल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, उत्तरं माझ्याकडं भरपूर होती. त्या फक्त रोज दिवस कलताना उंबऱ्यात यायच्या आणि ओढ्याकडं कान लावून उभ्या राहायच्या. आधी त्या असं करत नव्हत्या. मामंजी गेले ते त्यांनी एकदा मान्य केलं होतं. मी त्यांना परत वाट बघायला लावली होती.

आणि खरं सांगते, मीही ऐकायला लागले. भांडी घासताना, पाणी शेंदताना. घशात ती हाक बसली होती, माशाचा काटा बसावा तशी. मला वाटायचं, आपण दिली नसताना ती कुठून तरी आली तर काय करायचं?

चौथ्या दिवशी सकाळी आत्याबाई नेसून तयार होऊन बाहेर आल्या. हातात भाकरीचं फडकं.

"चल."

"कुठं?"

"निरवांगीला. तितंच आसंल त्ये."

सांगवीहून बारामती, बारामतीहून इंदापूर तालुक्यातली दुसरी एसटी. सबंध वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या, तेही माझ्याशी नव्हे. निरवांगीला नदीकाठी एका शेतकऱ्याच्या रानात मामंजींची मेंढरं दर साली बसायची. रानाला लेंड्यांचं खत मिळायचं, यांना धान्य. तीन दगडांची चूल तिथं कायम मांडलेली. त्यांचा पहिला मुलगा, म्हणजे आमचे हे, त्याच रानात झाला होता. ते मला पंधरा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं, मी चहाची बशी शोधत होते.

शेतकरी आता म्हातारा झाला होता. आत्याबाईंना बघून त्यानं टोपी सारखी केली.

"या वैनी. म्या निरोप धाडनारच हुतो. तुमचं कुत्रं आलंय."

"कवा आलं, तात्या?"

"परवा. भाकर टाकली, खाईना. पोरं हुसकत्यात, हालंना. धनी कुठं हायती मग?"

आत्याबाईंनी नुसता हात वर केला. तात्यांनी टोपी काढली.

रानात ऊस होता. बांधावरच्या बाभळीखाली तेवढा तुकडा मोकळा राहिला होता, आणि तिथं तीन काळे दगड. दगडांच्या शेजारी कुत्रं पडलेलं. बरगड्या दिसत होत्या. पायाला काहीतरी लागून रक्त वाळलं होतं. आत्याबाई गेल्या, बसल्या, भाकरी पुढं केली, पाठीवरून हात फिरवला. "चल घरी," म्हणाल्या. "चल बाबा, न्हाईत ती हितं." त्यानं त्यांचा हात चाटला आणि पुन्हा मान दगडांवर टाकली. दोर लावून ओढायचा प्रयत्न तात्यांनी केला, तर ते गुरगुरलं.

आत्याबाई उठल्या. चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"हाक मार."

"मी?"

"मग कोन? त्येंची हाक तूच चोरलीस न्हवं?"

"आत्याबाई, माझी चूक झाली. मला नाही जमणार."

"त्या दिशी जमली की. त्या दिशी मला पानी आनाय लावलंस. आता ह्याला उटीव. न्हाईतर ह्ये हितंच मरंल आन मी तुला..." पुढचं त्यांनी गिळलं. "मार."

मी जीभ टाळूला लावली. तोंड कोरडं पडलं होतं, नुसती हवा आली. दुसऱ्यांदा आवाज फाटला. तात्या बांधाकडं तोंड करून उभे राहिले. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले. तेव्हा ती आली. मी काढली असं मला वाटलं नाही. ती माझ्यातून गेली.

डोळे उघडले तर कुत्रं उभं होतं. लंगडत माझ्याजवळ आलं. माझ्या तळव्याला नाक लावून त्यानं फार वेळ वास घेतला. मी आहे हे त्याला कळलं, यात मला शंका नाही. मग त्यानं मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून मागं बघितलं, आणि त्याची शेपटी, हळूच, दोनदा हलली.

मागं ऊस होता. वारा नव्हता.

"वळू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "चालाय लाग."

मी चालायला लागले. कुत्रं माझ्या टाचेशी आलं. तात्यांनी आम्हाला ओळखीच्या टेंपोत बसवून दिलं, कुत्र्यासकट. बारामतीपर्यंत माझ्या मानेवरचा काटा बसला नाही. आत्याबाईंनी फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी कुत्र्याला दिली, अर्ध्यातली अर्धी माझ्या हातावर ठेवली. बोलणं तिथून सुरू झालं. पहिलं वाक्य होतं, "पदर घे नीट, वाऱ्यानं उडतुया."

रोल संपवायला मला महिना लागला. शेवटचे फोटो मी लिंबाचे काढले, लिंब तरी कुठं जात नाही. स्टुडिओवाल्यानं या वेळी चेष्टा केली नाही. त्यानं एक फोटो वेगळा ठेवला होता.

"वहिनी, हा झकास आलाय. मोठा करा. पण एक विचारू? तुमच्या मागं कोण उभं होतं?"

"कुणी नाही. का?"

"कुत्रं कॅमेऱ्यात बघत नाहीये. जरा वर बघतंय. कुणीतरी उंच माणूस असल्यासारखं."

मी तो मोठा करून घेतला. स्पर्धेची तारीख उलटून गेली होती. नसती उलटली तरी पाठवला नसता, असं आता म्हणायला माझं काय जातं. घरी आणून आत्याबाईंना दाखवला. त्यांनी तो उजेडाकडं धरला, कुत्र्याच्या डोळ्यांवरून बोट फिरवलं आणि तेच बोट फोटोच्या बाहेर, वर, हवेत एका जागी नेऊन थांबवलं.

"एवढंच उंच हुतं," त्या म्हणाल्या. "पटका धरून."

फ्रेम त्यांनीच करायला सांगितली. खिळा होताच. पाहुणे आले की ओळीनं आजोबा, पणजोबा, चुलते बघत येतात आणि कुत्र्यापाशी थांबतात. "हा कुणाचा?" आमचे हे पान जुळवता जुळवता सांगतात, "वडिलांचा फोटो आहे." पाहुणे पुढचं विचारत नाहीत.

कुत्रं पुढच्या थंडीत बाजेखालीच गेलं.

आता नातीला जे सांगितलं नाही ते. त्यानंतर चारेक वर्षांनी आत्याबाई अंथरुणाला खिळल्या. जीभ जड झाली होती, माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघीच. मी त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मार एकदा."

मी कळलं नाही असं दाखवलं. त्यांनी मनगट हलवलं.

मी हळू आवाजात दिली. दोन आखूड, एक लांब. त्यांचे डोळे उघडले, अगदी पूर्ण, आणि त्यांनी बोटांनी चाचपत उशीवरचा पदर पुढं ओढायचा प्रयत्न केला. मी तो ओढून दिला. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत होत्या.

कॅमेरा माझ्या मागच्या कपाटात होता, रोलात तीन फोटो शिल्लक. पण त्यासाठी मला वळावं लागलं असतं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि न वळता, हात मागं करून, उंबऱ्याच्या बाजूला धरून बसले. हात भरून आला तरी खाली घेतला नाही.